कृष्णाकाठाने सायकलवर, सावकाश: वाई ते खिद्रापूर

वाईपासून सांगलीपर्यंत सायकल चालवायची आणि कृष्णा न पाहता घरी यायचं, हे अगदी सहज जमतं. नदीचं पात्र खोल आहे, दरडी उंच आहेत आणि दरडीपासून रस्त्यापर्यंत ऊस उभा असतो. नकाशात निळी रेघ रस्त्याला चिकटून दिसते. प्रत्यक्षात मध्ये दोन-तीन शेतं, एखादा ओढा आणि डोक्यावर जाणारी उसाची पाती असतात. नदी दिसते ती पुलावरून, बंधाऱ्यावरून आणि घाटावर उतरल्यावर. म्हणून या सफरीचा आराखडा करताना आधी नकाशावर घाट, संगम आणि पूल यांच्या खुणा करा. रस्ते त्यानंतर शोधा. एवढी एक गोष्ट पाळली तर बाकीच्या चुका चालून जातात.

हा मार्ग वाईजवळच्या धोमपासून सुरू होतो. माहुली, कराड, औदुंबर, सांगली, नरसोबाची वाडी असं करत तो कर्नाटकाच्या हद्दीवरच्या खिद्रापूरला संपतो. आडवाटा धरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास होतात. तयारीचे सायकलपटू हायवेने हे अंतर दोन दिवसांत उरकतात. त्यांनी जरूर उरकावं. इथे मात्र सहा-सात दिवस गृहीत धरले आहेत: रोज साधारण ३५ ते ४५ किलोमीटर, दोनच दिवस त्याहून मोठे, आणि दुपारी भरपूर वेळ घाटाच्या पायऱ्यांवर.

कधी निघायचं

दिवाळी ते महाशिवरात्र. त्यातही डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी उत्तम. पावसाळ्यात हा विचार सोडून द्या. २००५, २०१९ आणि २०२१ साली या काठाने काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे. मोठा पूर नसला तरी जून ते सप्टेंबर छोटे पूल आणि बंधारे पाण्याखाली असतात. शिवाय काळ्या रानातली पाणंद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, ओली झाली की चिखल मडगार्डमध्ये असा घट्ट बसतो, की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात रस्ते कोरडे असतात, पण सकाळी दहानंतर डांबर तापतं आणि सावली शोधण्यातच दिवस जातो.

हिवाळ्याचीही एक किंमत आहे. ऐन थंडीत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि ट्रक दिवसरात्र धावतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, त्यामुळे चालकाला तुमची घंटी ऐकू येत नाही. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही, आणि ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला सरकते. म्हणून साधा नियम ठेवा. ट्रॅक्टर मागून आला तर रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरा. पुढे असेल आणि रस्ता वळणाचा असेल तर ओलांडू नका, मागे राहा. अंधार पडल्यावर सायकल चालवायचीच नाही. पहाटे नदीकाठी धुकं दाट असतं, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. वाईची उंची समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या थोडी वर, सांगलीची साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे एवढ्या लांब प्रवासात उतार जेमतेम दीडशे मीटरचा, आणि तोही बहुतेक कराडच्या वरच संपतो. पुढे सगळं सपाट. गिअरची हायब्रिड असेल तर छानच. घरातली साधी सायकलही चालेल, फक्त टायर चांगले हवेत. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर पाणंदीवर उपयोगी पडतात. रेसिंगच्या सायकलचे अरुंद टायर या रस्त्यांवर हाल करतात.

निघण्याआधी गावातल्या मेकॅनिककडून दोन्ही चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या. ब्रेकचे रबर नवे घाला, चेनला तेल द्या आणि कॅरियरचे नट आवळा. रस्त्यात सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट एकच, बाभळीचा काटा. दोन जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप एवढं जवळ पाहिजेच. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. तो असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलच्या नळीने हवा भरता येते. नसेल तर दुकानासमोर उभं राहूनही उपयोग नाही.

सामान पाठीवर नको, कॅरियरवर. सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. दोन जोड कपडे, स्वेटर, टोपी, पंचा, पाण्याच्या दोन बाटल्या, गूळ-शेंगदाणे. पंचा विसरू नका. ऊन, धूळ, घाम, अंग पुसणं आणि देवळात टेकायला बसणं या सगळ्याला तो पुरतो.

कुठला काठ धरायचा

रोज सकाळी ठरवायची मुख्य गोष्ट ही. मोठे पूल दूरदूर आहेत. चुकीच्या काठावर राहिलात तर समोर देऊळ दिसत असताना दहा-पंधरा किलोमीटरचा वळसा पडतो. मध्ये सोय असते ती कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. पावसाळा संपला की त्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. हिवाळ्यात बऱ्याच बंधाऱ्यांवरून माणसं आणि दुचाक्या पलीकडे जातात. वाट अरुंद असते, कठडा बहुधा नसतो. खाली उतरून सायकल हातात धरून चाला.

रस्ता विचारायचीही एक पद्धत आहे. "सांगली किती लांब?" असं विचारलंत तर सगळे तुम्हाला हायवेवर पाठवतील, कारण त्यांच्या मते तोच चांगला रस्ता. त्याऐवजी पुढच्याच गावाचं नाव घ्या आणि विचारा, "बंधाऱ्यावरनं सायकल जाती का?" किंवा "पाणंदीनं निघतं का?" सातारा-सांगलीकडे वडीलधाऱ्यांना तात्या, आबा, अण्णा, बापू यांपैकी काहीही म्हटलं तरी चालतं, बाईमाणसाला मावशी किंवा ताई. समोरून "काय पाव्हणं, कुठनं?" असा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घाईने देऊ नका. चहा बहुधा त्या उत्तरानंतरच येतो.

पहिला दिवस: वाई, धोम, मेणवली

वाईला रेल्वे नाही. पुण्या-मुंबईहून एसटी किंवा स्वतःची गाडी सोयीची. रेल्वेनेच यायचं असेल तर पुणे-मिरज मार्गावरच्या वाठार स्टेशनला उतरून साधारण ३० किलोमीटर सायकलने यावं लागतं. एके काळी महाबळेश्वरला जाणारे लोक याच वाठारला उतरून टांग्याने वाईमार्गे पसरणी घाट चढत. सायकलवर ती वाट धरण्यात मजा आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या आधी पाहून घ्या.

पहिल्या दिवशी पुढे जायचंच नाही. वाईत मुक्काम ठेवून सामानासह वीस-बावीस किलोमीटरची फेरी मारा. कॅरियर कुठे खडखडतं, सीट किती उंच हवी, काय घरी ठेवायला हवं होतं, हे आजच कळलेलं बरं. आधी धोमला जा, वाईहून आठ-नऊ किलोमीटर. धरणाच्या भिंतीखाली गाव आहे आणि गावात नृसिंहाचं व धोमेश्वर महादेवाचं देऊळ. महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि कासव कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात. कुंड भरलेलं असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं दिसतं.

परतताना मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे उतरत गेलेला अर्धचंद्राकार घाट आणि देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतली ही घंटा असं सांगतात. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. वाडा खासगी आहे, तेव्हा आत जाण्याच्या वेळा आणि शुल्क दाराशी विचारा. दुपार इथेच घालवा. वडाच्या सावलीत, पाण्याच्या कडेला, यापेक्षा चांगली विश्रांती पुढच्या आठवड्यात फार कमी ठिकाणी मिळेल.

संध्याकाळ वाईच्या घाटांवर. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. लोक मूर्तीचा आकार पाहून मागे फिरतात. तुम्ही देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहा. ती माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आपटून दोन्हीकडे फुटावा म्हणून. नदीशी कसं वागायचं हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं, आणि या सफरीत अशा खुणा पुढेही दिसत राहतात: देवळांची उंच जोती, गावात भिंतींवर रंगवलेल्या पूररेषा.

दुसरा दिवस: लिंबवरून माहुली

वाईहून पाचवड, भुईंज आणि मग लिंब फाटा. यातला काही भाग पुणे-बेंगळुरू हायवेला समांतर आहे, तिथे सेवारस्ता धरा. कंटाळा येईल, पण थोडा वेळच. लिंब फाट्यावरून आत तीनेक किलोमीटर गेलं की लिंब गाव आणि शेरीतली बारा मोटेची विहीर.

इथे निदान दीड तास ठेवा. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ही विहीर बांधून घेतली, आमराईला पाणी देण्यासाठी. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. अष्टकोनी विहिरीला जोडून जिना आणि मध्ये पाण्यावर उभा असलेला छोटा महालच आहे. खांबांवर चित्रं कोरली आहेत. वर मोटा, म्हणजे पाणी उपसायच्या चामडी पखाली, ओढताना बैल चालायचे त्या उतरत्या धावा अजून दिसतात. एका वेळी बारा मोटा चालत असताना बैल, चामडं आणि पाण्याचा केवढा आवाज होत असेल, याचा अंदाज वर उभं राहिल्यावरच येतो. आतल्या पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत. सायकलचे क्लिटवाले (तळाला पायडलमध्ये अडकणारी खीळ असलेले) बूट घालून उतरू नका.

लिंबच्याच परिसरात कृष्णेच्या पात्रात कोटेश्वराचं देऊळ आहे. शक्य असेल तर तिथे थांबून मग साताऱ्याची वाट धरा. सातारा शहरात शिरायची गरज नाही. कंदी पेढे हवेच असतील तर गोष्ट वेगळी, आणि ते हवे असणं समजण्यासारखं आहे. शहराच्या पूर्वेला कोरेगाव रस्त्यावर कृष्णा-वेण्णा संगम. अलीकडे संगम माहुली, पूल ओलांडला की क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही. संध्याकाळचं ऊन देवळांच्या काळ्या दगडावर पडतं, तेव्हा इथे पोहोचा. मुक्कामाला सातारा जवळ आहे.

तिसरा दिवस: माहुली ते कराड

हा लांब टप्पा, साठेक किलोमीटर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात कमी रंजक. उजव्या काठाने हायवे आहे, नागठाणे-अतीत-उंब्रजवरून. ती वाट नको. डाव्या बाजूने रहिमतपूर, तारगाव, मसूर असा रस्ता आहे. पुणे-मिरज रेल्वेही याच बाजूने जाते, म्हणून दमलात तर एखादं स्टेशन जवळ असतं. नदी फारशी दिसणार नाही. पहाटे निघा, रहिमतपूरला नाष्टा, मसूरला जेवण. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. कढईतून नुकताच ओतलेला गरम गूळ आणि काकवी मागायला लाजायचं कारण नाही. या भागात गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

कराडला प्रीतिसंगम. महाबळेश्वरच्या डोंगरात उगवलेल्या दोन नद्या, कृष्णा आणि कोयना, वेगवेगळ्या खोऱ्यांतून येऊन इथे समोरासमोर भिडतात आणि एकत्र होऊन काटकोनात वळतात. नद्या एरवी तिरक्या मिळतात. अशी समोरासमोर भेट क्वचितच पाहायला मिळते. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी अख्खं कराड तिथे फिरायला येतं, भेळ खातं आणि गप्पा मारतं. तुम्हीही तेच करा.

चौथा दिवस कराडातच

हा दिवस बहुतेक जण वगळतात, मी वगळू नका म्हणेन. काल साठ किलोमीटर झाले आहेत, पायांना उसंत हवी. सकाळी सामान खोलीवर ठेवून जखीणवाडीजवळच्या आगाशिवच्या बौद्ध लेण्यांकडे जा. डोंगराच्या पायथ्याला सायकल लावून चढायचं. वरून दोन्ही नद्यांची खोरी एकदम दिसतात, आणि तीन दिवस रस्त्यावरून न समजलेला भूगोल पाच मिनिटांत कळतो. दुपारी गावात पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर आणि आदिलशाही मशिदीचे शंभर फुटांहून उंच जोडमनोरे. याच दिवशी चेन पुसून तेल द्या, कपडे धुवा.

पाचवा दिवस: शेणोली, बहे, पलूसकडे

इथून खोरं रुंद होतं आणि रस्ता सपाट. डाव्या काठाने शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी असा मार्ग. शेणोली स्टेशन दिसायला साधं आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध इथल्या भूमिगतांनी चालवलेल्या सरकारच्या, तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वे याच शेणोलीजवळ अडवली होती. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही सगळी माणसं या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यातली. भूमिगतांना इथे जे रान लपायला मिळालं, त्याच्या कडेने तुम्ही पायडल मारत असता. चहाच्या टपरीवर वयस्कर माणूस भेटला तर त्याच्या घरातलं कोणी चळवळीत होतं का, एवढं विचारून पाहा. मग पुढच्या तासाभराचं वेळापत्रक विसरा.

ताकारीला पूल ओलांडून बहेला जा. नदीच्या मधोमध बेट आहे, त्यावर रामलिंग आणि समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक. सफरीतलं दुपारचं सर्वोत्तम ठिकाण निवडायचं झालं तर माझं मत या बेटाला. वाळवा तालुक्याच्याच बाजूला कोळे नरसिंहपूरचं भुयारी देऊळ आहे. वेळ आणि पाय दोन्ही शिल्लक असतील तरच त्याचा नाद करा.

परत ताकारीकडे येऊन पुढे निघालात की एका बाजूला सागरेश्वरचे डोंगर. तिथलं अभयारण्य माणसांनी उजाड डोंगरावर झाडं लावून उभं केलेलं आहे. डोंगरापलीकडे देवराष्ट्रे, यशवंतरावांचं जन्मगाव. मुक्काम पलूस किंवा किर्लोस्करवाडीच्या आसपास शोधा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं, ते हे. इथे लॉज मोजके आहेत, आधी फोन करून खात्री करा. जमलं नाही तर थोडं पुढे औदुंबरला भक्तनिवासात सोय पाहा.

मगरींबद्दल, मध्येच

कराडच्या खाली, विशेषतः भिलवडी, औदुंबर, सांगली या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. गप्पा नाहीत, हिवाळ्यात त्या मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. म्हणून गावातले लोक जिथे आंघोळ करतात तेवढ्याच घाटावर, तेही त्यांना विचारून आणि उजेडात पाण्याजवळ जा. निर्जन काठावर पाय बुडवून बसण्याचा मोह टाळा. त्यात वाळूउपशाने पात्रात खोल खड्डे पडलेले असतात, पोहता येणाऱ्यालाही ते कळत नाहीत.

सहावा दिवस: औदुंबर, हरिपूर, सांगली

भिलवडीला घाट आहे आणि समोर पलीकडच्या काठावर औदुंबर. नृसिंह सरस्वतींनी चातुर्मास केलेलं हे दत्तस्थान. औदुंबराच्या दाट सावलीतला घाट, पुजाऱ्यांचे संथ आवाज, मधूनच घंटा. अलीकडे भुवनेश्वरीचं देऊळ. होडी चालू असेल तर होडीने, नाहीतर पुलावरून या. मकरसंक्रांतीच्या सुमारास इथे असाल तर चौकशी करा, औदुंबरला त्या दिवशी साहित्य संमेलन भरवण्याची जुनी परंपरा आहे.

पुढे डाव्या काठाने वसगडे, नांद्रे करत सांगली. वाटेत ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माणसांना बाहेर काढताना इथेच बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. गावात त्याविषयी आपणहून विषय काढू नका. कोणी बोललं तर ऐका.

सांगलीत पटवर्धनांचं गणपती मंदिर, १९२९ मध्ये सुरू झालेला आयर्विन पूल आणि भडंग. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' हे नाटक केलं ते याच गावात. पण संध्याकाळ राखून ठेवा हरिपूरसाठी. सांगलीहून चार-पाच किलोमीटर, चिंचेच्या झाडांखालून जाणारा रस्ता सायकलसाठीच केल्यासारखा आहे. टोकाला संगमेश्वर आणि कृष्णा-वारणा संगम. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. वर्षानुवर्षं हळद त्यांत कोरडी राहत असे. २००५ च्या पुराचं पाणी त्यांत शिरलं आणि फार नुकसान झालं. हळदीचा व्यापार पुढे गोदामांत गेला. माहितगार माणूस भेटला तर पेवाची जागा दाखवतो.

सातवा दिवस: वाडी आणि खिद्रापूर

अंकली पुलावरून उदगाव, जयसिंगपूर, शिरोळ आणि नरसोबाची वाडी. पंचवीसेक किलोमीटर होतात. अंकली ते जयसिंगपूर वाहतूक बरीच, ती सकाळी लवकर उरका. वाडीला कृष्णा-पंचगंगा संगम आणि दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात पाणी चढून गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. पूर आला की लोक इथे स्नानाला येतात. बासुंदी आणि कवठाची बर्फी खाऊन घ्या. जेवायला मात्र कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत मिळतंय का ते विचारा. इतर ठिकाणची वांगी पुन्हा गोड लागत नाहीत.

सामान भक्तनिवासात ठेवून हलक्या सायकलने कुरुंदवाड, तिथून खिद्रापूर. एका बाजूला वीसेक किलोमीटर. रस्ता सपाट, ऊस दोन्हीकडे. खिद्रापूरचं कोपेश्वर देऊळ शिलाहारांच्या काळातलं, आणि दाराशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख. आधी स्वर्गमंडपात जा. गोल मंडप आणि छताला मधोमध तसाच गोल मोकळा भाग. सूर्य डोक्यावर असताना खालच्या वर्तुळाकार शिळेवर उन्हाचा गोळा पडतो, म्हणून बाराच्या आधी पोहोचण्याचा बेत ठेवा. बाहेरून देवळाच्या तळाशी ओळीने हत्ती कोरले आहेत, एकासारखा दुसरा नाही. एरवी शिवालयापुढे असतो तो नंदी इथे नाही. देवळामागे नदी, आणि पलीकडच्या काठावर जुगूळ, म्हणजे कर्नाटक.

परत येताना

वाडीला येऊन रात्र काढा आणि सकाळी मिरज गाठा. जयसिंगपूरलाही गाड्या थांबतात, पण सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, चढवायला वेळ मिळतो तो मिरज जंक्शनवर. गाडीच्या दीड-दोन तास आधी पार्सल ऑफिसमध्ये जा. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र बरोबर ठेवा आणि त्याच गाडीने सायकल लगेज म्हणून बुक करायची आहे असं स्पष्ट सांगा. नाहीतर ती पार्सल म्हणून दुसऱ्या गाडीने येते. दिवे, बाटल्या, मीटर, पंप काढून पिशवीत घाला. चेनच्या बाजूला जुनं पोतं गुंडाळा. पुठ्ठ्यावर नाव, फोन, कुठून-कुठे हे मोठ्या अक्षरात लिहून तो फ्रेमला आणि आणखी एक हँडलला बांधा. मध्ये वेळ उरला तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत डोकावून या, भोपळ्यांचे ढीग आणि तारा लावणारे कारागीर दुकानातच बसलेले असतात.

पावती जपून ठेवा. उतरायचं स्टेशन आलं की आधी ब्रेकव्हॅनकडे जा आणि गाडी हलायच्या आत सायकल फलाटावर आली की नाही ते स्वतः पाहा.